कालवणाचा डाग

दादाच्या पट्टीवर कालवणाचा डाग असायचाच. रक्त नंतर. "जखमी मानूस काय उपाशी ऱ्हातो?" असं विचारायचा. "पट्टीच्या हातानंच जेवतो ना? मग तिला कालवन लागंल का नाय?" आणि आई ओरडत असतानाच टोपात बोट बुडवून पट्टीच्या कडेला पुसायचा.

ही सगळी थेरं शिमग्यातल्या सोंगांसाठी. आमचं गाव तळवली, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून. नव्वदच्या दशकात चहूकडे इमारती उठत होत्या, पण होळी आली की गावची पोरं सोंगं घेऊन घरोघर नाचायचीच. कुणी बाई व्हायचं, कुणी अस्वल, कुणी फौजदार. माझा थोरला भाऊ मात्र दरवर्षी अपघातातला माणूस. आईचं जुनं सुती लुगडं फाडून तो पट्ट्या करायचा आणि चहाच्या पाण्यात उकळायचा, म्हणजे कोरेपणा जातो. गुळाच्या पाकात कुंकू आणि चिमूटभर काथ घातला की रक्त तयार. डाग आतल्या थराला मोठा, वरच्याला लहान, कारण रक्त आतून येतं. पट्टी धरायला मी आणि "हलू नको गं, भवाने!" हे ऐकायलाही मीच.

एका वर्षी पोरं कोपरखैरण्याच्या नव्या सोसायटीत घुसली. एका बाईनं दार उघडलं, दादाचा हात बघितला आणि किंचाळत आत धावली, कापूस आणि आयोडीन आणायला! तिचा नवरा मुंबईत नाटकांची रंगभूषा करायचा. त्यानं दादाचा हात धरला, पट्टीचा वास घेतला आणि पोट धरधरून हसला. "अरे, हे तर बोंबलाचं कालवण!" दादा घरी येऊन ते दहादा सांगत होता. एवढा खूश मी त्याला कधी बघितला नव्हता.

पुढच्या रविवारी तो माणूस आमच्या घरी आला. बाबांना म्हणाला, "काका, पोराला माझ्याकडे द्या. शिकवतो, कामाला लावतो. हात आहे त्याच्याकडे." दादा दाराआड उभा होता. मी चहा नेऊन ठेवला.

बाबा भडकले. त्यांचीही बाजू होती, ती आज कळते. नव्या शहरासाठी आमचं शेत गेलं होतं, आणि त्याच्या बदल्यात दादाला रसायनाच्या कारखान्यात कायमची नोकरी मिळत होती. "जमीन गेली ती काय लोकांच्या तोंडाला रंग फासाला?" ते गरजले. त्या माणसानं चहा संपवला, नमस्कार केला आणि गेला. दादा हूं की चूं बोलला नाही. असा राग आला होता मला त्याचा! मेल्या, एकदा तरी तोंड उघड! आज वाटतं, त्याच्या बाजूनं घरातलं कुणीतरी आधी बोललं असतं, तर त्यानंही उघडलं असतं. कुणीच बोललं नाही. ही हळहळ काही केल्या जात नाही.

पुढचा शिमगा यायच्या आत कारखान्यात त्याच्या उजव्या हातावर ॲसिड उडालं. इस्पितळातून घरी आणला तेव्हा हात कोपरापर्यंत पांढऱ्याशुभ्र पट्टीत. आई त्याला घास भरवायची. एकदा जेवताना त्यानं हात उचलून उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला.

"खोटी वाटते गं," मला म्हणाला. "हिच्यावर काय डागच नाय."

मला हसवायला बघत होता बिचारा. आई पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली.

बाबा समोरच जेवत होते. त्यांनी ताटातल्या कालवणात बोट बुडवलं, सरकत दादाजवळ आले आणि पट्टीच्या बाहेरच्या कडेला मनगटापाशी पुसलं. "आता?" त्यांनी विचारलं.

दादानं नीट निरखलं. "तिथं नाय, बाबा," तो हळूच म्हणाला. "आंगठ्याखाली. घास घेताना तिथं लागतं."

बाबांनी तिथं लावलं. त्या हातानं दादा पुन्हा कधी जेवला नाही.