देवाचा उरलेला भात

त्या वर्षी मी देवावर रुसले होते. देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या माणसाचे पाय त्याने काठीसारखे ताठ करून ठेवले होते. आमचे हे चवड्यांवर चालत, पाय एकमेकांत अडकत. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात असे आणखीही होते, त्यामुळे कुणाला त्याचं नवल नव्हतं. यांनी मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलला, पाय सुटेपर्यंत भाताला शिवणार नाही. धानाच्या मुलखात भात सोडायचा म्हणजे जिवावरचं काम. मालक मजुरी पैशांऐवजी लाखोळीच्या डाळीत द्यायचा, म्हणून दोन्ही वेळा लाखोळीची भाकर आणि लाखोळीचंच वरण. वर्षभरात चालायला एका काठीच्या दोन काठ्या लागल्या, तरी हा हट्टी माणूस हटेना.

महाशिवरात्रीला बैलगाडीने मार्कंड्याला गेलो. नदीच्या वाळूवर राहुटी टाकून नागपूरचा एक डॉक्टर असेच पाय तपासत बसला होता. त्याने गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर पाय असा उडाला की यांनाच हसू आलं. डॉक्टरने समजावलं, दोष पायांत नाही. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत नेणारा कण्यातला मज्जारज्जू लाखोळीने खराब होतो, आणि तेच तो गावोगाव हिंडून अभ्यासत होता. गेलेलं बळ परत येणार नाही, पण लाखोळी सुटली नाही तर रांगायची पाळी येईल.

मी तिथेच म्हटलं, आजपासून भात खा. हे शांतपणे म्हणाले, "नवस म्या बोललो. आता देवाले फसवू काय?" मला राग आला आणि त्यांच्या भाबड्या चेहऱ्याकडे पाहून रडूही आलं. गाभाऱ्यात डोकं टेकून मी एवढंच म्हटलं, मला काही सुचत नाही, आता तूच बघ.

दुसऱ्या दिवशी उपवास सोडायला वाळूवर पंगत बसली. हे नको म्हणायच्या आत वाढणाऱ्या एका म्हातारीने यांच्या पत्रावळीवर भात घातला. यांनी नवसाचं सांगितलं. ती म्हणाली, "हा तुमच्या घरचा भात नाई, भाऊ. देवाचा हाय. त्याचा त्याले वापस कराचा काय?" आणि पुढे वाढत गेली. यांनी बराच वेळ हात जोडले, मग पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती कोण, कुठली, विचारायचंही राहून गेलं.

मला वाट सापडली. लोकांकडे धान कांडून मी मजुरीत तांदळाची कणी आणू लागले, तिचा भात रोज आधी देवापुढे वाढायची आणि मग प्रसाद म्हणून यांना. लाखोळी सुटली. पाय काही सुटले नाहीत, पण रांगायची वेळही आली नाही. शेवटपर्यंत हे स्वतःच्या पायांनी अंगणात जात. आम्ही मागितलं एक, देवाने दिलं दुसरं, आणि तेच पुरलं. रोज पाटावर बसले की हे मला चिडवत, "देव जेवला काय? का आजबी मलेच वाट पाहाले लावते?"

हे गेले तरी मी आधी देवालाच वाढते. मग ते ताट यांच्या रिकाम्या पाटासमोर थोडा वेळ ठेवते, आणि नंतर मी जेवते.