किल्ट बेंबीवर बांधायचा: अल अकाची दोन दिवसांची सहल

आमच्या घरच्या फोटोंत मी सापडत नाही. सईचे वाढदिवस असोत, अल ऐनची सहल असो की पुण्यातली लग्नं, सगळीकडे माझी बायको मेधा आहे, मुलगी सई आहे, केक आहे, आणि मी कॅमेऱ्यामागे. "थांबा, फोटो मी काढतो" हे मी इतक्या तत्परतेने म्हणतो की लोकांना मी मोठा हौशी फोटोग्राफर वाटतो. खरं कारण माझं पोट. ते माझ्याआधी खोलीत शिरतं, आणि फोटोत तर आणखी पुढे येऊन बसतं.

तर दोन वर्षांपूर्वी, २००२च्या डिसेंबरात, हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डंकन माझ्यासमोर येऊन बसला. डंकन स्कॉटलंडचा. सात वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर काम केलं होतं. मेरी नावाच्या नर्सशी त्याचं लग्न ठरलं होतं. सोहळा अल अकाला, समुद्रकाठच्या हॉटेलात होता.

"मला भाऊ नाही. माझ्या शेजारी तू उभा राहा," तो म्हणाला. "किल्ट घालून."

आपल्याकडे करवली असते ना, तसा हा त्यांचा करवला. सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, आणि तेही गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार लोकरी वस्त्रात! मी म्हणालो, "इन्शाल्ला." आखातात राहिलेल्यांना कळेल, नको असलेल्या गोष्टीला सभ्यपणे टाळायला हा शब्द फार उपयोगी पडतो. डंकनलाही ते ठाऊक होतं.

"इन्शाल्ला नको. हो म्हण."

मी हो म्हणालो. त्याने कमरेचं माप विचारलं, मी पँटचं सांगितलं, बेचाळीस. स्कॉटलंडहून येणारे त्याचे वडील माझ्यासाठी भाड्याचा किल्ट घेऊन येणार होते. आमच्यासारखे पोटवाले पँट पोटाच्या खाली बांधतात, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

लग्न त्याच महिन्यात एका शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी होतं. गुरुवारी हाफ डे. जेवून दोन वाजता दुबईतल्या अल मनखूलच्या घरून निघालो. रस्ता सोपा आहे: शारजा, मग धैद, मग मसाफी, तिथून डावीकडे दिब्बा आणि किनाऱ्याने खाली अल अका. सव्वादोन-अडीच तास धरा, आणि उजेडी पोहोचा, कारण उंट रस्त्यावर घरच्यासारखे फिरतात. धैदच्या चौकात एका मल्याळी कॅफेटेरियात थांबलो. चहा पन्नास फिल्स, म्हणजे अर्धा दिरहम, ऑम्लेट गुंडाळलेला पराठा दोन दिरहम.

"म्हणजे सव्वीस रुपये," मेधाने लगेच हिशोब केला. "पण केवढा मोठा आहे बघा!"

"आई, प्लीज, स्टॉप कन्व्हर्टिंग," मागून सई म्हणाली. ती तेव्हा बारा वर्षांची होती.

मसाफीनंतरचा घाट मला फार आवडतो. गवताची काडी नसलेले तपकिरी डोंगर, मध्ये अचानक चार खजुरांची हिरवी वाडी, आणि दिब्ब्याच्या पुढे एका वळणावर एकदम समुद्र. आपल्या कोकणाशी काही नातं नाही याचं, तरी छाती भरून आली. लांबवर टँकर रांगेत उभे होते. खोलीचं भाडं एका रात्रीचं तीनशे दिरहम. मेधा रुपये मोजू लागली, आणि सईकडे बघून गप्प बसली.

खोलीत किल्टची पिशवी आमची वाट बघत होती. मी दार लावून घेतलं आणि धोतरासारखा किल्ट नेसायला सुरुवात केली. निऱ्या म्हटलं की पुढे, हे हाडात बसलेलं, म्हणून सगळ्या चुण्या पुढे घेतल्या. पट्टे लागेनात. पोटाच्या खाली सरकवला तेव्हा लागले, पण मग तो अर्ध्या पोटऱ्यांपर्यंत लोंबायला लागला. दोन पावलं टाकली आणि सरकला. दोन्ही हातांनी धरून मी आरशासमोर उभा होतो.

"अहो, उलटा तर नाही ना नेसलात?" मेधा म्हणाली.

सई पलंगावर लोळून हसत होती. "बाबा, यू लुक लाइक अ लॅम्पशेड!"

मीही हसलो. पण रात्री मला फार वाईट वाटलं. ज्याने इतक्या मायेने बोलावलं, त्याच्या शेजारी उभं राहण्याएवढंही आपलं शरीर धड नाही, असं वाटत राहिलं.

सकाळी नाश्त्याला मी डंकनला गाठलं. "किल्ट होत नाही. मी सूट घालतो आणि फोटो काढतो. शेजारी तुझ्या चुलतभावाला घे."

डंकनचा चेहरा उतरला, पण तो भला माणूस, "खलास, तुला बरं वाटेल तसं" एवढंच म्हणाला. खलास म्हणजे तिकडच्या बोलीत 'झालं, ठरलं'. त्याच टेबलावर त्याचे वडील बसले होते. पंचाहत्तरीचे, उंच, खांदे हँगरसारखे, कोट अंगावर सैल. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, म्हणून इथे मराठीतच लिहितो.

"कुठलं माप दिलंस?" त्यांनी विचारलं.

"पँटचं."

"मग तो खालीच बसणार." ते उठले. "चल तुझ्या खोलीत."

येताना त्यांनी आपल्या खोलीतून स्वतःचा किल्ट आणला. गडद हिरवा-निळा, जड, वापरून मऊ झालेला. त्यांनी मला बाजूला वाकायला सांगितलं. अंग जिथे दुमडलं तिथे, बेंबीच्याही किंचित वर, त्यांनी बोट ठेवलं. "ही तुझी कंबर. पँटवाल्यांनी सांगितलेली नाही."

आता माझ्या देहयष्टीच्या वाचकांनी नीट वाचा, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मोजे आणि बूट आधी घालायचे, किल्ट नंतर. त्या बुटांच्या लांब नाड्या घोट्याभोवती गुंडाळून बांधाव्या लागतात, आणि एकदा जाड लोकर पोटावर आवळली की खाली वाकता येत नाही. सपाट बाजू पुढे, चुण्या मागे. पट्टे लावताना पोट आत ओढायचं नाही. बसून बघायचं, श्वास घेऊन बघायचं, मग लावायचे. वर वेस्टकोट असेल तर रुंद कातडी पट्टा नकोच, तो वाकताना पोटात रुततो. पुढे साखळीने लटकणारी कातडी थैली असते, स्पोरन म्हणतात, ती आपल्यासारख्यांनी जरा खाली सोडायची, नाहीतर पोटावर टेकून आडवी होते. बसताना तिला कमरेच्या बाजूला ढकलायचं आणि हाताने मागच्या चुण्या सारख्या करायच्या, बायका साडी सारखी करतात तशा. मांड्या घासणाऱ्यांनी पावडर लावावी. आत काय घालतात, हे सगळे विचारतात. मी सुती बारमुडा घातली होती, झालं समाधान?

"किती कापड असतं हो याला?" मेधाने त्यांना विचारलं.

"आठ वार."

"माझ्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी!" तिने कौतुकाने चुण्यांवरून हात फिरवला.

पट्टे सहज लागले. कड बरोबर गुडघ्याच्या मध्यावर आली. चाललो, वळलो, बसलो, उठलो, किल्ट तसूभर हलला नाही. पोटाला पहिल्यांदाच बसायला हक्काची जागा मिळाली होती.

तेवढ्यात मला सुचलं. "पण तुम्ही काय घालणार?"

म्हातारबाबांनी आपल्या कोटाची कड बाजूला केली. "मागच्या वर्षी आजारी पडलो. तुझ्याएवढा होतो मी, आता बघ. शेवटच्या भोकावर लावला तरी खाली येतो. पिना मारून घालणार होतो."

"नाही, मग तुम्हीच घाला. मुलाचं लग्न आहे तुमच्या."

"माझ्या मुलाच्या लग्नात हा किल्ट पिनांवर लोंबता कामा नये," ते म्हणाले. "याला पोट लागतं. तीस वर्षं माझं होतं. मला कुणी कधी मागे उभं राहा म्हटलं नाही, आणि मी राहिलोही नसतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पोटाबद्दल इतक्या आदराने आजवर कुणी बोललं नव्हतं.

चार वाजता हिरवळीवर, समुद्राकडे पाठ करून मी डंकनच्या शेजारी उभा राहिलो. त्याने माझा दंड घट्ट धरला. डिसेंबरची हवा सुखाची होती. जून-जुलैत हा उद्योग करू नका. म्हातारबाबा पहिल्या रांगेत सुटात बसले होते, आणि नवरा-नवरीपेक्षा जास्त माझ्या चुण्यांकडे बघत होते. नंतर नाच झाला. मी नाचलो. मेधा हसून हसून दमली. भाजलेला हमूर मासा, भात, फिलिपिनो नूडल्स असं भरपेट जेवण झालं आणि तरीही पट्टे रुतले नाहीत.

शनिवारची रजा काढली होती. सकाळी किल्ट घडी करून म्हातारबाबांना परत द्यायला गेलो. तो मलाच ठेवायला सांगतील असं मला उगीचच वाटलं होतं. त्यांनी पटकन काढून घेतला.

"मला हा पुन्हा माझ्या पोटाने भरायचाय," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मसाफीच्या शुक्रवार बाजारात थांबा. नाव शुक्रवारचं असलं तरी तो रोज भरतो. गालिचे, मातीची भांडी, फळं. भाव निम्म्याने पाडा. एका पठाणाने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि मोठ्ठा गालिचा पुढे केला. "हबीबी, आप जैसे सेठ के लिए ये साइज!" एरवी मी ओशाळलो असतो. त्या दिवशी घेऊन टाकला.

बर दुबईच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आले. जेवणाच्या टेबलावर सईने ते एकेक करून पाहिले. बहुतेक मेधाने काढलेले. "बाबा, यू आर इन ऑल ऑफ देम," ती म्हणाली. मग एक उचलून म्हणाली, "यू लुक... किंग साइज. इन अ गुड वे." तो आम्ही फ्रेम करून हॉलमध्ये लावला. पुढच्या वर्षी गणपतीत मी धोतर बेंबीवर नेसून, कॅमेरा सईच्या हातात देऊन, आरतीला सगळ्यांच्या पुढे उभा होतो.

गेल्या महिन्यात डंकन सुट्टीहून परतला. माझ्या टेबलावर त्याने एक फोटो ठेवला. आपल्या अंगणात म्हातारबाबा तोच किल्ट घालून उभे, गाल भरलेले, पट्टे जागेवर, आणि वेस्टकोटाची बटणं ताणलेली. एक हात त्यांनी मुद्दाम पोटावर ठेवला होता. कुणाचं तरी पोट सुटलंय हे पाहून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.