बुधवारची वेणी

उजवा खांदा असा काही धरला, की हात कानाच्या वर जाईना. स्वयंपाक कसाबसा व्हायचा, पण वेणी घालता येईना. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. लंडनच्या टोकाला, पिनरच्या घरात मी एकटीच, आणि लेक केंब्रिजला, तिच्या लॅबमध्ये. फोनवर ती म्हणाली, "आई, कापून टाक ना केस. सोपं पडेल तुला." मी विषय बदलला.

जीपीच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या एका बाईंनी सांगितलं, की चर्चच्या हॉलमध्ये दर बुधवारी कॉलेजची हेअरड्रेसिंग शिकणारी मुलं येतात आणि आमच्यासारख्यांचे केस फुकट करून देतात. त्यांचा सराव होतो, आपली सोय होते. संकोच वाटला, तरी गेले.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी विशीचीही नसेल. नखं कुरतडलेली, टी-शर्टवर डाईचे डाग. केस सोडल्यावर ती म्हणाली, "बापरे, केवढे लांब!" मग डोकं मागे बेसिनला टेकवून तिनं विचारलं, "पाणी फार गरम नाही ना?"

मी मान हलवली. तिची बोटं टाळूवरून फिरायला लागली आणि माझ्या ध्यानात आलं, की किती दिवसांत माझ्या डोक्याला कुणाचा हात लागलेला नाही. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं. डोळ्यांत शाम्पू गेला असं समजून तिनं घाईघाईनं टॉवेलनं टिपलं. मीही शाम्पूच म्हणाले.

केस विंचरताना तिनं आरशातून विचारलं, "मग, वीकेंडला काय बेत?"

गिऱ्हाइकाशी असं बोलायचं असतं हे त्यांना शिकवलेलं होतं, ते मला नंतर कळलं. तेव्हा मी खरं तेच सांगितलं, "काही नाही." पोरगी अडखळली. पुढे काय बोलायचं हे बहुतेक शिकवलेलं नव्हतं. ती भराभर वेणी घालू लागली.

तिला पुन्हा तसं अवघडायला लावायचं नाही, म्हणून शनिवारी बस पकडून हॅरोला गेले. मेथी आणली, पराठे केले. बुधवारी तिला सांगितलं. "मेथी म्हणजे काय?" तिनं विचारलं, आणि वेणी संपली तरी माझं सांगणं चालूच होतं. मग दर शनिवारी कुठेतरी जायला लागले. एकदा तर मेट्रोपॉलिटन लाइनच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन, तिथे चहा पिऊन परत आले.

परीक्षेला तिला लांब केसांची मॉडेल हवी होती. तिनं मला विचारलं. तिनं माझा अंबाडा घातला. एकेक पिन ती दोनदा चाचपून बघत होती. परीक्षक बाई माझ्याभोवती फिरून बघून गेल्या आणि थोड्या वेळानं 'पास' म्हणाल्या. पोरीनं किंचाळून मला मागूनच मिठी मारली. सगळा अंबाडा चपटला. आम्ही दोघी हसत सुटलो.

तिला वॉटफर्डच्या एका सलोनमध्ये नोकरी लागली. "तुम्ही या हं तिकडे," ती म्हणाली. मी हो म्हटलं. गेले मात्र नाही. तिथे मी नुसतं एक गिऱ्हाईक झाले असते.

उन्हाळ्यात हॉलचा कार्यक्रम बंद झाला. फिजिओच्या व्यायामांनी हात हळूहळू वर जायला लागला. वेणी वाकडी का होईना, माझी मला जमू लागली.

शनिवारचं फिरणं मात्र सोडलं नाही. एकदा राइस्लिपच्या तळ्यावर बगळ्याला स्वतःच्या मानेहून जाड मासा गिळताना पाहिलं. मासा गळ्यातून खाली उतरताना स्पष्ट दिसत होता. कधी एकदा कुणाला सांगते असं झालं. बाकावर बसूनच लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, एक्सपेरिमेंट चालू आहे गं. संध्याकाळी करू?"

"कर, कर. काही घाई नाही."

संध्याकाळी तिचा फोन आला. दमली होती. सुपरवायझरबद्दल, भाडं वाढल्याबद्दल बराच वेळ बोलली. मी ऐकत राहिले. शेवटी तिनं विचारलं, "तू जेवलीस ना?"

"हो," म्हटलं. बगळ्याचं सांगायचं राहूनच गेलं.