शंकरपाळ्यांचा कागद

कुणी बोलता बोलता ‘तर’ म्हणालं, की सरांचं बोट वर जायचं. हवेत ते एक शंकरपाळं काढायचे, चारी कोपरे नीट जुळवून, आणि विचारायचे, “आणि नाहीतर?” त्याचं उत्तर दिल्याशिवाय समोरच्याला पुढं बोलायची सोय नसायची. सुट्टी मिळाली तर पन्हाळ्याला जाऊ, असं सांगायला गेलेला माणूस सुट्टीही नको आणि पन्हाळाही नको म्हणत परत यायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा नग असेल. पण तुम्हाला तो निदान घरी गेल्यावर सोडत असेल. सर आमच्या कॉलेजात गणित शिकवायचे, मी त्याच कॉलेजात क्लार्क, आणि दोघं राहायचो मंगळवार पेठेतल्या एकाच बोळात. मला कुठंच सुटका नव्हती.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. कॉलेजनं सरांना तीन आठवडे मुंबईला काँप्युटर शिकायला पाठवलं. गेले ते सर गेलेच म्हणायचे, परत आला तो वेगळाच माणूस. आम्ही कुणी काँप्युटर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. सर म्हणायचे, त्यानं काही अडत नाही. चौकटीच्या कागदावर एका चौकोनात एक अक्षर असं लिहून ते सगळं पोस्टानं मुंबईला पाठवायचं, तिथं कुणीतरी ते कार्डांवर टोचून यंत्राला भरवायचं, आणि यंत्र काय म्हणालं ते पोस्टानंच परत यायचं. जायला-यायला तीन आठवडे. त्या यंत्राबद्दल सर बोलायचे ते मानपानवाल्या व्याह्याबद्दल बोलावं तसं. त्याला कमी-जास्त बोललेलं खपत नाही, म्हणायचे.

लिहिण्याआधी ते मोठ्या कागदावर आकृती काढायचे. ठरवायची जागा आली की तिथं शंकरपाळं, त्यातून एक वाट ‘हो’ची, एक ‘नाही’ची. बोळातल्या बायका त्याला शंकरपाळ्यांचा कागद म्हणायच्या. एकदा वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यात खरी शंकरपाळी बांधून शेजारी दिली, तर सर दोन दिवस जेवले नाहीत.

निवडणूक आली. कोपऱ्यावरच्या सभेत उमेदवार म्हणाला, मला निवडून दिलं तर या बोळात गटार करून देतो. सर उठले, शंकरपाळं काढलं, आणि विचारलं, “आणि नाहीतर?” उमेदवाराच्या माणसांना वाटलं ही धमकी आहे. दोघं बाह्या सारून पुढं आले. सर त्यांना शांतपणे समजावत होते की ‘नाहीतर’ची वाट मोकळी सोडली तर यंत्र जागच्या जागी फिरत बसतं, आणि आपल्या देशाचं तेच झालंय. तालमीतल्या पोरांनी त्यांना उचलून घरी आणलं म्हणून हात-पाय शाबूत राहिले. उमेदवार निवडून आला. गटार काही झालं नाही.

पण आमच्या बोळाचं खरं दुखणं पाणी. बोळ चढाचा, पाइप एकच, आणि पाणी सकाळी दोन तास. खालच्या घरांनी नळ सोडले की वर नुसतं सूं सूं. सगळ्यात टोकाला आमचं घर. आमची आई पहाटे उठून नळापाशी बसायची आणि नळ शिंकला तरी ‘आलं, आलं’ म्हणायची. भांडणं तर विचारू नका. एकदा एका बाईनं दुसरीच्या डोक्यात कळशी घातली, चार टाके पडले, आणि दोन घरांनी एकमेकांच्या लग्नाला जायचं सोडलं. नगरसेवकाकडं गेलं की तो आपल्या माणसाचं बघायचा.

सरांनी तालमीच्या कट्ट्यावर सांगितलं, हे काम यंत्राला देऊ. त्याला जात नाही, पक्ष नाही, मेहुणा नाही. कुणाचा नळ किती वाजता सोडायचा आणि किती वाजता बंद, ते तेच ठरवील. त्या पोस्टातल्या यंत्रावर बोळानं इतक्या पटकन विश्वास ठेवला, की मी चाट पडलो. सगळ्यांनी तालमीतल्या मारुतीसमोर शपथ घेतली, कागदात येईल ते मान्य.

मग सर वही घेऊन दारोदार. घरात माणसं किती, चढ किती, कामाची पाळी कुठली. दोन म्हशींच्या आबांनी अडवून धरलं, म्हशी घरातल्याच हायत, त्यांस्नी मोजल्याबिगर चालणार न्हाय. दोन दिवस खल होऊन एक म्हैस म्हणजे साडेतीन माणसं धरायचं ठरलं. हे ऐकून तालमीतला पैलवान आला. मला निदान अर्धी म्हैस तरी धरा की, म्हणाला. सरांनी त्याचा खुराक विचारला, आकडेमोड केली आणि गंभीरपणे लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. बोळ गोळा झाला, पाकिटाला हळदकुंकू लागलं, आबांनी नारळ फोडला. आत एकच ओळ. अमुक ओळीत स्वल्पविराम राहिलाय. एवढंच. पैलवान म्हणाला, एका टिंबाशेपटीपायी? सर मात्र खूश. सरकारनंही असंच असावं, म्हणाले. अर्ज तीन आठवड्यांत परत, आणि चूक कुठल्या ओळीत ते स्पष्ट सांगावं. आपल्यात एवढं सरळ कोण बोलतं? मला त्यांचा हेवा वाटला, खरं सांगतो.

स्वल्पविराम घालून कागद पुन्हा गेले. या वेळी पावणेदोन महिने लागले. सर तेवढ्यात वाळून गेले, कुणी ‘तर’ म्हणालं तरी बोट वर जाईना. शेवटी एकदाचं उत्तर घेऊन ते कट्ट्यावर आले आणि एकेक घर वाचू लागले. आमच्या घराला सहा दहा ते साडेसहा, आणि तेवढा वेळ खालचे चार नळ बंद. आईनं पदर डोळ्याला लावला. एकतीस घरं वाचून झाली, कागद संपला. बोळात घरं बत्तीस.

“सर, तुमचं?” मी विचारलं.

सरांनी कागद उलटा करून बघितला, सुलटा केला. म्हणाले, “स्वतःलाच घालायला विसरलो की.”

बोळ हसला म्हणता! म्हशी मोजल्या, पैलवान मोजला, आणि मोजणारा राहिला. आबांना ठसका लागला, पाणी मागायची चोरी. मीही पोट धरून हसलो. कुणीतरी म्हणालं, घाला की कुठंतरी पाच मिनिटं. सरांनी साफ नकार दिला. एक घर मधे घुसवलं तर उद्या दुसरं घुसेल, मग नगरसेवक काय वाईट होता, असं त्यांचं म्हणणं. शपथ म्हणजे शपथ.

आणि काय सांगू, तो कागद चालला. घड्याळं लावून नळ सुटले, वर पाणी चढलं, कळश्या डोक्यात न पडता डोक्यावर गेल्या. आईला चार वर्षं घरच्या नळाचं पाणी मिळालं, ते वापरतच ती गेली. सरांच्या घरी आम्ही कमी पडू दिलं नाही. आज या घरची घागर, उद्या त्या घरची. वहिनी येऊन घेऊन जायच्या. नवा पाइप पडेपर्यंत असं पाच वर्षं चाललं. माझ्या लेखी सर तेव्हापासून संतच. विसरभोळा, पण संत.

सर वारले त्याला चार महिने झाले असतील, मी वहिनींकडं गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. सरांच्या आठवणी निघाल्या, तसा मी हसत म्हणालो, बत्तिसावं घर विसरले ते विसरले, पण शब्द नाही फिरवला.

“विसरायला काय झालंय?” वहिनी म्हणाल्या. “मधे एक पाकीट आलं होतं. बत्तीस घरं बसत न्हाईत म्हणून. तुम्हाला कुणाला दाखवलं न्हाई त्यांनी.”

वहिनींनी सगळं सांगितलं. टोकाचं घर गाळलं की बाकीची सगळी सहज बसत होती. टोकाचं म्हणजे आमचं. सर आठ दिवस तोच कागद पुढं घेऊन बसले. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःचं घर खोडलं, तरी जेमतेमच बसलं, आणि कागद पुन्हा मुंबईला पाठवला. यंत्राला खोटी घरं सांगितली, याची मात्र शेवटपर्यंत टोचणी होती त्यांना.

सरांनी आमच्यासाठी एवढं केलं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

“सरांनी?” वहिनींनी सूप खाली ठेवलं. “पाच वर्षं घागरी कुणी वाहिल्या, भावजी? घर खोडताना मला विचारलं होतं काय कुणी?”

मी उठलो आणि त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

“आता वाकून काय उपयोग?” त्या म्हणाल्या. “तेव्हा एखादी घागर उचलू लागायचं होतं.”