सांदूच्या वाटेची नाणी

आमच्या स्मारांदामावशीला दुकानदार गोगू टरकून असायचा. अंडी देऊन ती तेल-मीठ न्यायची, आणि सुट्टे नाहीत म्हणून त्याने चिंगम पुढे केलं की हात मागे घ्यायची. "तोंडात दात नाहीत माझ्या. हे काय हिरड्यांनी चघळू? नाणं काढ मुकाट्याने." मग गोगू कुरकुरत एक बानचं, सगळ्यात बारीक नाणं शोधायचा. एका बानला आमच्याकडे काहीच येत नाही. रस्त्यात पडलेलं दिसलं तरी कोणी वाकत नाही. मावशी वाकायची.

चिकट नव्हती ती. मरणाची तयारी करत होती, इथल्या सगळ्या म्हाताऱ्या करतात तशी. माणूस गेलं की जीव आभाळातून वर जातो, आणि वाटेत एकापुढे एक नाके असतात. प्रत्येक नाक्यावर सैतानाचे शिपाई जकातीसाठी अडवतात. म्हणून घरापासून दफनभूमीपर्यंत जिथे जिथे तिठा, पूल किंवा विहीर लागेल, तिथे मयताची पेटी खाली टेकवायची आणि एक नाणं टाकायचं. नाणं केवढ्याचं हे कोणी बघत नाही, पण दर ठिकाणी एक लागतंच. मावशीचा मुलगा सांदू इटलीत बांधकामावर होता. "तो वेळेवर पोचतोय की नाही कोण जाणे, आपलं आपण बघावं," म्हणत तिने एक लोकरी मोजा गच्च भरून ठेवला होता.

गेल्या शरद ऋतूत गोगूने दारावर पाटी लावली, बारीक नाणी घेणार नाही. "सरकार आज ना उद्या बंद करणारच म्हणे. मी आधीच केली," तो म्हणाला. दुकानात वाद पेटला. मास्तर म्हणाले, "नाणं पाडायलाच त्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो, कशाला हवीत?" पोस्टमन म्हणाला, "म्हणजे आता हा गोगू प्रत्येक हिशेब वरच्या आकड्यावर नेणार." बाहेर आल्यावर मावशी मला म्हणाली, "गोगूच्या गल्ल्यात चालत नाही ते वरच्या शिपायांना कसं चालेल गं? ते काय गोगूपेक्षा भले आहेत?"

मी म्हटलं, पाद्रीबुवांना विचार. ते हसले आणि म्हणाले, "आजीबाई, तिथे प्रार्थना चालते." तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी मोजा घेऊन ती तालुक्याच्या बँकेत गेली आणि पन्नास बानची मोठी नाणी घेऊन आली. मूठभर.

"मावशी, अगं, वाट काही आखडली नाही, नाणी मात्र आखडली," मी म्हटलं.

"मी काय आज मरतेय? कोंबड्या आहेत. जमतील पुन्हा."

जानेवारीत सांदू परांचीवरून पडला. व्हॅनमधून बंद पेटी आली, मावशीला त्याचं तोंडही बघता आलं नाही. तिने आपली मूठभर नाणी काढली. कमी पडत होती म्हणून दारोदार फिरली. म्हाताऱ्यांनी आपापल्या गाठोड्याला हात लावू दिला नाही. आता नवी कुठून आणायची, या भीतीने. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. गोगूने मात्र गल्ला उपडा करून होती नव्हती ती मोठी नाणी दिली. नेहमीच्या वाटेला बरोबर पुरतील एवढी झाली.

पण पुलावर बर्फ गोठून काच झाली होती. खांदेकरी म्हणाले, पाय घसरले तर पेटीसकट ओढ्यात जाऊ, वरच्या वाटेने जाऊ या. वरच्या वाटेला तिठे जास्त. शेवटच्या तिठ्यावर पेटी टेकवली तेव्हा मावशीचा रुमाल रिकामा होता. सगळ्यांनी खिसे उलटे केले. नोटा निघाल्या, बँकेची कार्डं निघाली. मी नोट पुढे केली तर म्हणाली, "खणखणायला हवं बाई. नाहीतर त्यांना कळणार कसं?" तो भरलेला मोजा आठवून मला नुसता संताप येत होता, गोगूचा, सरकारचा आणि त्या भोळ्या बाईचाही.

पाद्रीबुवांना थंडी बाधत होती. "पुढे चला, नाणं मागाहून टाकता येईल," ते म्हणाले.

"अडवल्यावर मागाहून काय?" मावशी म्हणाली. मग ती तिठ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि वर बघून, गोगूशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "त्याला सोडा. मला ठेवून घ्या. मी इथे आहे, कुठे जात नाही." आणि खांदेकऱ्यांना म्हणाली, "उचला रे."

आम्ही तिला ओढून बघितलं. हलली नाही. पोटच्या पोराला माती द्यायलाही आली नाही. तिच्या वाटची मूठ मी टाकली आणि धावत मागे आले. ती तिथेच उभी होती, खांद्यांवर बर्फ साचलं होतं.

"गेला?"

"गेला मावशी."

"कोणी अडवलं नाही ना?"

"नाही."

तिने मान हलवली. मी दंडाला धरून तिला घराकडे वळवायला लागले तर तिने माझा हात हळूच सोडवला.

"तू जा," म्हणाली. "मला अजून सोडलं नाहीये."