दादांचे लोखंडी बूट

माझ्या थोरल्या दिरांइतका हट्टी आणि खुळा माणूस पिंपरी-चिंचवडच्या साऱ्या कारखान्यांत मिळून दुसरा नसेल. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आठवडाभर लेथवर काम करायचे आणि रविवारी आमच्या देवळातल्या गाणाऱ्यांना हाकायचे. देऊळ म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं, वर पत्रा, खाली सतरंजी. दादा पेटी घेऊन बसले की पाळकसुद्धा प्रार्थना आटोपती घ्यायचे. गाताना बायकांचं तोंड दोन बोटं उघडलंच पाहिजे असा दादांचा नियम, आणि ती दोन बोटं ते खरोखर मोजायला यायचे. स्वतःचा आवाज मात्र पट्टा सुटलेल्या मशीनसारखा. हे त्यांना सांगायची हिंमत माझ्याशिवाय कुणात नव्हती. सांगितलं की म्हणायचे, "तू चौथी पास. तुला सुरातलं काय कळतंय?" स्वतः दुसरीतून पळालेले.

त्यांचं एक जुनं दुखणं होतं. कंपनी नवी असताना ते अनवाणीच मशीनवर उभे राहिले. जर्मन साहेबानं त्यांच्या पायांकडं बोट दाखवलं आणि हसला, मग सारं खातं हसलं. दुसऱ्या दिवशी कंपनीनं पुढं लोखंडी टोपी असलेले बूट दिले. तेव्हापासून दादांना बूट म्हणजे अब्रू. लग्नाला बूट, बाजाराला बूट, नदीवर जायचं तरी बूट. देवळाच्या दारात तेवढे काढायचे, ती आमची गावाकडची रीत.

तो साहेब मायदेशी परतला. जायच्या आधीच्या नाताळात त्यानं आमची भजनं ऐकली होती. काही वर्षांनी त्याच्या गावच्या चर्चचं बोलावणं आलं, येऊन गा. मंडळीत आनंदीआनंद, आणि दादांना धास्ती. "ह्या खेपेला तो हसता कामा न्हाई," म्हणाले. गाण्याची तालीम राहिली बाजूला. चार महिने क्वार्टर्सच्या मागच्या मैदानात आम्हा सतरा जणांना बूट घालून चालवलं. पुरुषांना कंपनीचे लोखंडी, आम्हा बायकांना लुगड्याखाली पांढरे कॅनव्हासचे. शेजारणी कट्ट्यावरून विचारायच्या, "काय बाई, लढाईवर निघालात का?"

मी दादांना म्हटलं, "तिथं गळा न्यायचाय की पाय?"

"गळ्याला कोण हसतंय? पायालाच हसत्यात. आणि तिथल्या देवळात बूट काढायचे न्हाईत. जो काढील त्याला मी परत गायला घेणार न्हाई."

जर्मनीत उतरलो तर सगळीकडं बर्फ. साहेब म्हातारा झाला होता, चर्चच्या दारात उभा होता. दादा सगळ्यांच्या पुढं, मान ताठ, बूट आरशासारखे. दारात पोहोचले, आतून तिथल्या मोठ्या पेटीचा सूर ऐकू आला, आणि ह्या माणसानं सवयीनं वाकून नाड्या सोडल्या. बूट भिंतीकडेला नीट लावले आणि आत गेले. म्होरक्याच तसा गेल्यावर आम्ही काय करणार? बर्फात दादांचा धरून अठरा जोड राहिले. आतली फरशी अशी गार की पहिलं कडवं आम्ही दुप्पट चालीत उरकलं. तेव्हा कुठं दादांची नजर स्वतःच्या पायांवर गेली. चेहरा पडला, पण पेटीवरचा हात थांबला नाही. कबूल करायला मला आवडत नाही, पण तसे ते आधी कधी गायले नव्हते आणि नंतरही नाहीत.

बाहेर आलो तर दारात बूट नाहीत. साहेबानं ते आतल्या खोलीत शेगडीभोवती मांडले होते आणि ओल शोषायला एकेकात कागदाचे बोळे कोंबत बसला होता.

परतताना विमानात दादांनी विचारलं, "तू माझ्या मागंच होतीस. दारात हसला का गं तो?"

"न्हाई," मी म्हटलं.

हसला होता. तोंडावर हात धरून, खांदे हलवून हसला होता. मी कुणाचं मन राखायला खोटं बोलत नाही, दादांचं तर मुळीच नाही. तेवढं एकदा बोलले. त्या एका शब्दावर ते पुढं कितीतरी वर्षं ऐटीत वावरले. भेटेल त्याला सांगायचे, "साहेब हसला न्हाई, इचारा हिला." आणि प्रत्येक वेळी मला मान हलवावी लागायची.

ते गेले तेव्हा त्यांच्या मुलानं बुटांना पॉलिश करून आणलं. म्हणाला, "काकू, बूट घालूनच पाठवू त्यांना."

मी म्हटलं, "राहू दे रे. दाराशी पोचले की काढतीलच."

बूट माझ्याकडं आहेत, दारामागं. येता-जाता पायाला ठेच लागते. हलवायचे म्हणते, पण राहून जातं.