न दिलेला आकडा

काळे सर गेल्याचं मला मानवतच्या एसटी स्टँडवर कळलं. जुना वर्गमित्र भेटला आणि म्हणाला, "तुझे सर गेले की रे..." हातातलं काम तसंच टाकून मी परभणीची गाडी धरली.

पेडगावच्या आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला बी.ए. मी, हे मी आजही छाती काढून सांगतो. परभणीच्या कॉलेजात मानसशास्त्र घेतलं ते तिथं शिकवणाऱ्या सरांमुळे. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं धुमसत होती, त्या वर्षी सर मला सोबत घेऊन पीएच.डी.साठी कारागृहात जायचे. खुनाच्या कैद्यांची स्वभावचाचणी घ्यायची आणि मराठा, बंजारा, मुसलमान, दलित असे गट करून आकडे शेजारी मांडायचे, हा विषय. बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रश्न मी आमच्या बोलीत विचारायचो, सर उत्तरं टिपायचे. "राग लवकर येतो का?" म्हटलं की एखादा म्हणायचा, "येतो म्हणूनच हितं हाव की, मास्तर." जेलरसुद्धा हसायचे.

किसनच्या वेळी कुणी हसलं नाही. तो गंगाखेडकडचा, आमच्याच समाजाचा. मी विचारलं, "लोक तुझ्या वाईटावर हायेत असं वाटतं का?"

"वाटतं कशाला? घर पेटवलं तवा तोंडं बघितली की म्या."

चाचणीच्या हिशेबात हे 'होय' म्हणजे संशयी स्वभाव. अशी 'होय' त्यानं बरीच दिली होती. जेलर मागेच उभे होते. म्हणाले, "सर, याचा आकडा लिहून द्या. लय असला तर वेगळ्या कोठडीत टाकतो. बाहेर पेटलंय, आत मला भानगड नको."

किसन सरांच्या हाताकडे बघत होता. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"हा आकडा याला लागू होत नाही, साहेब. त्याचं घर खरंच जाळलंय."

"आन् खून? तो खोटा हाय का?"

"खराच आहे. त्याची शिक्षा तो भोगतोय. घर जळाल्याची वेगळी कशाला?"

जेलरांनी किसनला बराकीत परत धाडलं. मग म्हणाले, "उद्यापासून तुमी येऊ नका."

कागद नव्हता, म्हणून किसन बराकीतच राहिला. पण फाटकाबाहेर आल्यावर मी सरांवरच चिडलो. "एका आकड्यापायी सगळी पीएच.डी. घालवली, सर."

चालता चालता त्यांनी विचारलं, "तोच प्रश्न तुला विचारला असता तर?"

माझंही उत्तर 'होय'च होतं.

पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणाले, जमलेली उत्तरं पुरेत; दलित गटातलं 'होय'ही इतरांसारखंच संशयी स्वभावात मोजा, प्रबंध मार्गी लागेल. सर पुन्हा त्यांच्याकडे गेले नाहीत. पीएच.डी. राहिली ती राहिलीच, आणि बढत्या मागून आलेल्यांना मिळाल्या.

मागच्या आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली, सर शिकवायचे त्याच वर्गात. फळ्यावर कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'कै. डॉ. काळे सर'. मी उठलो आणि डस्टरनं 'डॉ.' पुसलं.

"अहो, काय करायलात?" एक तरुण प्राध्यापक म्हणाले.

"ते सरांनी सोडलं होतं," मी म्हणालो, आणि का सोडलं ते सांगायला तिथंच उभा राहिलो.